काँक्रीट ‘पास’ झालं, तरी फुटतंय का? खानापूरकडच्या एका शाळेच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावच्या शाळेची इमारत, बांधून १६ वर्षं झाली. मागच्या व्हरांड्यातल्या बीमच्या तळाचं काँक्रीट सुटून पडतंय, सळ्या दिसू लागल्या आहेत. पश्चिमेकडच्या छज्ज्यांवर आणि दोन कॉलमवर जाळीदार भेगा आहेत. रिबाउंड हॅमर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून किती उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा, त्याचे आकडे चांगले आले. तीन कोअर, म्हणजे काँक्रीटमधून गोल कापून काढलेले नमुने, दाबाखाली फोडले, तर घनाच्या हिशेबात सरासरी १७.४ आणि सगळ्यात कमी १५.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद मिळाली. मूळ काँक्रीट एम२० चं, म्हणजे ठरलेली ताकद २०. कॉन्ट्रॅक्टर क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, दोष देतो, गावकरी म्हणतात सिमेंट खाल्लं, आणि एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या समितीने, बोलावलेल्या सल्लागाराने सांगितलंय की मायक्रोस्कोपखाली तपासणी करा. प्रश्न विचारणारे तरुण इंजिनिअर आहेत. त्यांना जाणून घ्यायचंय की या तपासणीतून नेमकं काय हाती लागतं आणि शाळेने त्यावर पैसे घालावेत का.

घालावेत, असं माझं मत आहे. पण नमुने नीट घेतले आणि लॅबला प्रश्न नीट विचारले तरच. नाहीतर रंगीत फोटोंचा जाड अहवाल हातात पडेल आणि व्हरांडा आहे तसाच राहील.

आधी तुमचे आकडे बघू. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. एम२० ला म्हणजे सरासरी १७ आणि किमान १५. तुमचं काँक्रीट काठावर का होईना, पास आहे. सगळ्यांचा गोंधळ इथूनच सुरू झालाय. कोअर फोडला की आतल्या काँक्रीटने दाब किती सोसला ते कळतं. सळईवरच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या थरात काय चाललंय, हे त्या आकड्यात येतच नाही. रिबाउंड हॅमरबद्दल तर आणखी जपून बोलावं लागतं. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, त्यामुळे हॅमर जास्त उसळतो आणि आकडा फुगतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. त्याने काँक्रीटची क्षारता जाते, आणि सळईला गंजापासून वाचवते ती हीच क्षारता. ज्या कार्बोनेशनमुळे सळईचं संरक्षण जातं, तेच कार्बोनेशन हॅमरच्या कागदावर चांगलं काँक्रीट म्हणून उमटतं. दोन्ही चाचण्या खऱ्या आणि बीमही खरोखर पडतोय. यात विसंगती काही नाही, दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत.

मायक्रोस्कोपची तपासणी दोन टप्प्यांत होते. कोअर उभा कापतात, कापलेला चेहरा बारीक पावडरीवर घासून गुळगुळीत करतात आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दहापट ते पन्नास-साठपट मोठा करून बघतात. त्याच्याही आधी एक साधी गोष्ट करायची, ती कुणालाही करता येते. कापलेला चेहरा ओला करून वाळत ठेवायचा आणि लक्ष ठेवायचं. बाकीचा भाग वाळून फिकट होतो, पण भेगांत पाणी धरून राहतं, त्यामुळे काही मिनिटं भेगांचं सगळं जाळं काळ्या रेषांत दिसतं. भेग दगडाला वळसा घालून गेली की दगड चिरून गेली, पृष्ठभागापासून सुरू झाली की सळईपासून, हे त्या मिनिटांत बरंचसं कळतं. त्या वेळी काढलेला फोटो मी अहवालात पहिल्या पानावर लावायला सांगतो.

दुसरा टप्पा पातळ कापाचा. नमुन्यात चमकणारा पिवळा रंग मिसळलेलं इपॉक्सी निर्वात करून भरतात, तो काचेवर चिकटवतात आणि साधारण ०.०२५ ते ०.०३ मिलिमीटर जाडी राहीपर्यंत घासतात. मग त्यातून उजेड आरपार जातो. ध्रुवित प्रकाशात, म्हणजे पोलरायझर या गाळणीतून एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडात, दगडातलं प्रत्येक खनिज आपापल्या रंगाने ओळखू येतं, सिमेंटचे न भिजलेले कणही दिसतात. ही पद्धत मुळात दगड वाचणाऱ्यांची. सिमेंट क्लिंकरमधल्या, म्हणजे दळून सिमेंट होण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांतल्या, खनिजांना अलाइट, बेलाइट ही नावं १८९७ मध्ये दिली ती टोर्नेबोम या स्वीडिश भूशास्त्रज्ञाने. आजही काँक्रीट वाचणारा माणूस दगड वाचायला शिकलेला असेल तरच काम नीट होतं, आणि आपल्या भागात तर त्याची जास्तच गरज पडते.

कारण आपला पट्टा दगडांच्या सीमेवरचा आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी ते बेळगाव शहरापर्यंत दख्खनचा काळा बेसाल्ट, वरून ठिकठिकाणी जांभा. गोकाककडे गेलात की वाळूचा दगड आणि क्वार्ट्झाइट. घटप्रभा धबधब्यात उडी घेते ती त्याच दगडावरून. खानापूरकडे दक्षिणेला धारवाडी शिस्ट आणि फिलाइट. खडीची गाडी चाळीस-पन्नास किलोमीटरवरून येते, त्यामुळे एकाच स्लॅबमध्ये दोन जातींचे दगड सापडणं इथे नवल नाही. सोळा वर्षांपूर्वी खडी कुठल्या खाणीची होती, याची पावती शाळेत कुणी जपलेली नसणार. पातळ कापात मात्र ती नोंद शिल्लक असते.

आता क्रश सँडवरचा आरोप. दगडाची वाळू म्हणून काँक्रीट वाईट, हे मला मान्य नाही. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत तिला रीतसर जागा आहे आणि क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनच्या चाळणीखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. प्रश्न ती भुकटी कशाची, हा आहे. ताज्या घट्ट बेसाल्टची भुकटी मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसते: प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या, ऑगाइट या खनिजाचे दाणे, लोहखनिजाचे काळे अपारदर्शक ठिपके. हे कण पेस्टमध्ये, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या घट्ट झालेल्या लगद्यात, निमूट बसून राहतात. खाणीच्या वरच्या थरातला कुजका दगड क्रशरमध्ये गेला असेल तर चित्र बदलतं. बेसाल्टमधल्या नैसर्गिक काचेच्या जागी हिरवट-तपकिरी, मऊ, पाणी पिणारी चिकणमाती दिसते, पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज दिसतं. ही माती काँक्रीट कालवताना पाणी मागते. गवंड्याला माल जड लागतो, तो बादली ओततो, आणि दोष नंतर वाळूच्या नावावर जातो. तेव्हा लॅबला ‘क्रश सँड आहे का’ असं विचारू नका, ते तुम्हाला माहीतच आहे. भुकटीत कुजक्या बेसाल्टचा वाटा किती आणि ती पेस्टमध्ये गुठळ्या करून बसली आहे का, हे विचारा.

सिमेंट खाल्लं का, या प्रश्नाचं उत्तरही बऱ्यापैकी मिळतं, पण गावकऱ्यांना हवं तसं सरळ मिळत नाही. सिमेंट कमी आणि पाणी जास्त या दोन गोष्टी आहेत. कापलेल्या चेहऱ्यावर बिंदू मोजून पेस्ट, वाळू, खडी आणि पोकळ्या यांचं आकारमान काढता येतं. पाण्याचा अंदाज त्या पिवळ्या इपॉक्सीवरून येतो. निळ्या प्रकाशात बघितलं की जिथे बारीक छिद्रं जास्त, तिथे पेस्ट जास्त उजळते. पाणी-सिमेंट गुणोत्तर माहीत असलेले नमुने शेजारी ठेवून तुलना करतात. अनुभवी माणूस ०.५ आणि ०.६५ मधला फरक सांगू शकतो. ०.५२ की ०.५५ यावर कुणी ठाम बोलत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, विशेषतः फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) किंवा स्लॅग (पोलाद भट्टीतला मळ) घातलेलं सिमेंट असेल तेव्हा. आणि ते कुठलं सिमेंट होतं हेही दिसतंच. फ्लाय ॲशचे काचेचे गोल मणी अनेक वर्षांनीही पेस्टमध्ये ओळखू येतात, स्लॅगचे कण टोकदार काचेच्या तुकड्यांसारखे असतात. कागदावर एक सिमेंट आणि कापात दुसरं, असं निघालं तर तेवढी एक गोष्ट वादाच्या बाहेर जाते.

पाणी कधी घातलं, हे सरासरीपेक्षाही महत्त्वाचं आहे. मिक्सरमध्येच जास्त पाणी गेलं असेल तर पेस्ट सगळीकडे सारखीच फिकी दिसते. पण माल येऊन पडला, सेंट्रिंगची माणसं जेवायला गेली, तासाभराने आवळलेल्या मालावर बादली ओतून फावड्याने फिरवला, तर त्याची खूण वेगळी असते. अशा एका स्लॅबचा काप माझ्या चांगला लक्षात आहे. खडीच्या प्रत्येक तुकड्याभोवती दाट गडद पेस्टची साल चिकटलेली होती, त्यात न भिजलेले सिमेंटचे कण गच्च. त्या सालीच्या बाहेर एकदम फिकट, छिद्राळ पेस्ट, इपॉक्सीच्या प्रकाशात झगझगीत पिवळी. दोघांमधली सीमा ठळक, आणि त्या सीमेवर वेड्यावाकड्या हवेच्या पोकळ्या. पहिली पेस्ट आवळायला लागल्यावर दुसरं पाणी आत शिरलं, एवढाच अर्थ त्यातून निघतो. सरासरी ताकद तिथेही फार वाईट नव्हती. पण दाट आणि पातळ पेस्टच्या त्या सीमेवरूनच भेगा पुढे सरकल्या होत्या.

क्युरिंगचंही, म्हणजे ओतल्यावर पाणी मारत राहण्याचंही, असंच. पाणी कमी असलेल्या चांगल्या काँक्रीटमध्ये न भिजलेले सिमेंटचे कण दिसतात, कारण सगळ्यांना पुरेल एवढं पाणीच नसतं. पण भोवतालची पेस्ट घट्ट असते. पृष्ठभागाजवळ न भिजलेले कणही खूप आणि पेस्टही छिद्राळ, अशी जोडी दिसली तर ते काँक्रीट लवकर वाळलं असं समजावं. पाणी होतं, ते उडून गेलं. पाणी मारलं नाही, हे सोळा वर्षांनी दाखवून देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

तुमच्या व्हरांड्याच्या बीमपुरतं बोलायचं तर माझा पहिला संशय कार्बोनेशनवर आहे, आणि त्यासाठी मायक्रोस्कोपच्या आधी फिनॉल्फ्थॅलिन हे क्षारता दाखवणारं रसायन वापरा. ताज्या फोडलेल्या चेहऱ्यावर फवारलं की जिथे क्षारता टिकून आहे तिथे गुलाबी रंग येतो, कार्बोनेशन झालेला थर कोरा राहतो. हे काम तुमचं तुम्ही एका दिवसात कराल. कार्बोनेशनची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा १६ वर्षांत ती १६ मिलिमीटर झाली. म्हणजे वर्षांच्या वर्गमुळाला ४ ने गुणायचं. मग २० मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, २५ वर्षांनी ओलांडलं जाईल, ३० मिलिमीटरचं सुमारे ५६ वर्षांनी. पण बीमखालचा कव्हर ब्लॉक निसटला आणि सळई १२ मिलिमीटरवर बसली, तर तिचं संरक्षण नवव्या वर्षीच गेलं. त्यानंतर गंज चढतो. गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून कव्हर फुटून खाली येतं. घाटाकडचा पाऊस त्याला ओल पुरवतो, आणि फेब्रुवारी ते मे महिन्यांतला कोरडेपणा कार्बोनेशन पुढे ढकलतो. ओलं-कोरडं हे आलटून पालटून चालणं सळईला सगळ्यात वाईट.

मग त्यासाठी पातळ काप कशाला? कारण फिनॉल्फ्थॅलिन एक सरासरी रेघ दाखवतं. कापात विरलेल्या चुन्याचे स्फटिक पेस्टमध्ये चमकताना दिसतात, आणि कार्बोनेशन झालेला भाग बारीक कॅल्साइटने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या चुन्याच्या स्फटिकांनी, भरून सोनेरी-तपकिरी झालेला असतो. ती सीमा क्वचितच सरळ असते. भेगांच्या दोन्ही कडांनी आणि खडीच्या बुडाशी साठलेल्या पाण्याच्या पोकळ्यांतून ती आत घुसलेली दिसते. मुख्य थर १० मिलिमीटरवर थांबलाय पण एका भेगेने तो थेट सळईपर्यंत पोहोचलाय, असं दिसलं तर दुरुस्तीचा विचारच बदलतो. नुसतं गिलावा करून रंग मारणं तिथे उपयोगाचं नाही.

आणि यातूनच भेगांचा क्रम लागतो. माझ्या दृष्टीने या सगळ्या तपासणीची खरी किंमत यात आहे. ओतल्यावर पहिल्या काही तासांत पडलेली भेग मऊ पेस्टमधून जाते, म्हणून खडीला वळसा घालते, तिच्या कडा खडबडीत आणि रुंदी कमी-जास्त असते. तिच्या दोन्ही कडांना कार्बोनेशन असतं, आत चुन्याचे किंवा कॅल्साइटचे स्फटिक वाढलेले असतात. गेल्या वर्षी पडलेली भेग स्वच्छ असते, कडांना कार्बोनेशन नसतं, आणि वाटेत दगड आला तर बऱ्याचदा तोही चिरलेला असतो. एक भेग दुसरीला कापून जाते की दुसरीपाशी थांबते, हेही बघायचं. पहिल्या दिवशी पडलेली भेग कॉन्ट्रॅक्टरच्या कामाची, दहाव्या वर्षी पडलेली गळक्या गच्चीची असू शकते. भरपाईचा किंवा दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न जिथे येतो तिथे हा फरक महत्त्वाचा आहे.

आता छज्ज्यावरच्या जाळीदार भेगा. मी व्हरांड्यापेक्षा त्यांच्यावर जास्त वेळ देईन, कारण एकाच रूपाच्या भेगेमागे तीन-चार वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिलं म्हणजे पृष्ठभाग आटल्याच्या भेगा. करणीने जास्त घोटून वर पेस्ट आणली, वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, पाणी मारलं नाही, की वरचा थर तडकतो, आटलेल्या तळ्याच्या गाळासारखा. कापात या भेगा पृष्ठभागाशी काटकोनात, काही मिलिमीटर आत जाऊन संपतात. दिसायला वाईट, पण धोका कमी. त्यातून पाणी आत जाऊ नये एवढं करावं लागतं.

दुसरं, अल्कली आणि सिलिका यांची प्रक्रिया. खडीतली विशिष्ट प्रकारची सिलिका, सिमेंटमधले अल्कली आणि ओल, तिन्ही जमले की जेल तयार होतं, पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. स्टॅन्टनने १९४० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बांधकामांवरून हे दाखवून दिलं, आणि भारतात रिहंद आणि हिराकुड धरणांत ते बघायला मिळालं. कापात खुणा ठरलेल्या असतात. भेगा दगडाच्या पोटात सुरू होऊन पेस्टमध्ये येतात. भेगांत आणि हवेच्या पोकळ्यांत रंगहीन किंवा फिकट पिवळं जेल बसलेलं असतं, वाळून तडकलेलं, आणि पोलरायझर काटकोनात ठेवले की ते काळं पडतं. दगडाच्या कडेला गडद पट्टा असतो. या पट्ट्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. नदीच्या गोट्यावर असा पट्टा हवा-पाण्याने आधीच चढलेला असू शकतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण क्रशरमधून फुटून आलेल्या खडीचा चेहरा ताजा असतो. त्या ताज्या चेहऱ्याला समांतर पट्टा दिसला तर तो काँक्रीटमध्ये आल्यावरच तयार झालेला.

आपल्याकडच्या घट्ट बेसाल्टच्या खडीत मी या प्रक्रियेचा संशय सगळ्यात शेवटी धरीन. पण बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, म्हणजे अतिबारीक दाण्यांची सिलिका, असेल, काच जास्त असेल, किंवा खडी गोकाककडच्या क्वार्ट्झाइटची असून त्यातला क्वार्ट्झ ताण खाल्लेला असेल, तर नीट बघावं लागतं. ताण खाल्लेला क्वार्ट्झ ओळखणं सोपं आहे. काप फिरवताना तो एकदम काळा न होता लाटेसारखा सरकत काळा होतो. हा क्वार्ट्झ हळू काम करतो, परिणाम दिसायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात, म्हणून तुमच्या इमारतीच्या वयात तो प्रश्न विचारणं योग्यच आहे. पेस्टमध्ये फ्लाय ॲशचे मणी भरपूर दिसले तर ही शक्यता बरीच कमी होते.

तिसरं, मघाशी सांगितलेला कुजका बेसाल्ट. त्यातली चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पश्चिमेचा छज्जा हा खेळ दर वर्षी खेळतो. इथे भेगा असतात, दगडही तडकलेले असतात, दगड आणि पेस्ट यांच्यामध्ये बारीक फट दिसते, पण जेल कुठेच नसतं. मातीची जात पक्की करायला क्ष-किरण विवर्तनाची चाचणी जोडीला लागते. छज्ज्याच्या वरच्या अंगाला पाणी रोखणारा लेप देऊन हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

कॉलमवरच्या भेगा मात्र आधी डोळ्यांनी नीट बघा. त्या खरंच जाळीदार आहेत, की सळईच्या रेषेत उभ्या जाऊन मध्ये आडव्या रिंगांशी जोडल्या गेल्या आहेत? दुसरं असेल तर तो गंज आहे. कापात सळईभोवतालची पेस्ट तपकिरी झालेली दिसेल आणि भेग सळईकडून बाहेर येताना दिसेल.

एका शब्दाने घाबरून जाऊ नका: एट्रिंगाइट, सिमेंटमधल्या सल्फेटपासून होणारं सुईसारखं खनिज. ओल खाल्लेल्या कुठल्याही जुन्या काँक्रीटच्या पोकळ्यांत त्याच्या सुया सापडतात. पाणी आत-बाहेर फिरलं, एवढंच त्यातून कळतं. काँक्रीट कोवळं असताना ७० अंशांच्या वर तापलं असेल आणि प्रत्येक दगडाभोवती सारख्या रुंदीची फट पडून ती एट्रिंगाइटने भरली असेल, तर गोष्ट वेगळी. पण तो वाफेवर पिकवलेल्या प्रीकास्ट मालाचा किंवा फार जाड ओतकामाचा प्रश्न आहे, शाळेच्या छज्ज्याचा नाही. साखर कारखान्यांच्या मळीने खाल्लेल्या फरशा किंवा निपाणीकडच्या तंबाखूच्या गोदामासारखी जळालेली जागा, तिथेही मायक्रोस्कोप फार कामाचा आहे, तो विषय स्वतंत्र. एवढंच सांगतो की आगीनंतर काँक्रीट गुलाबी झालं नाही म्हणून ते तापलंच नाही, असं आपल्या काळ्या खडीच्या काँक्रीटवरून ठरवू नये.

नमुन्यांबद्दल आता. फोडून झालेले तीन कोअर पाठवू नका. दाबाखाली नव्या भेगा पडलेल्या असतात, त्यातून खडीची जात कळेल, भेगांचा इतिहास नाही. व्हरांड्यातून पडलेले तुकडे मात्र आजच गोळा करून ठेवा. सळईचा ठसा असलेला तुकडा फुकट मिळालेला उत्तम नमुना आहे. त्यात बाहेरचा चेहरा, कव्हर आणि सळईजवळची पेस्ट, तिन्ही असतं. बाहेरची बाजू कुठली ते मार्करने लिहा. छज्ज्यातून ७५ किंवा १०० मिलिमीटर व्यासाचा कोअर भेगेवर घ्या आणि दुसरा त्याच छज्ज्याच्या चांगल्या दिसणाऱ्या भागात. चांगल्या भागाचा नमुना लोक वाचवतात आणि तिथेच फसतात; तुलनेला काही नसेल तर कापातली कुठली गोष्ट आजाराची आणि कुठली त्या काँक्रीटच्या स्वभावाची, हे सांगता येत नाही. बीमच्या तळातून कोअर काढू नका. कॉलममधून स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय काढू नका, आणि आधी कव्हर मीटरने, म्हणजे काँक्रीट न फोडता सळई आणि तिची खोली दाखवणाऱ्या यंत्राने, सळ्या शोधा. कोअर निघाला की धुऊन उन्हात वाळवायचा नाही. पुसायचा, वरच्या टोकाकडे बाण काढायचा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा आणि जागेचा फोटो पट्टी ठेवून काढायचा. ओलीत जेल आणि क्षार विरघळून गेले तर नंतर कुणाला सांगून उपयोग नाही.

लॅबबद्दल: दिल्लीचं केंद्रीय मृदा व सामग्री संशोधन केंद्र आणि बल्लभगडची राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम सामग्री परिषद, या दोन ठिकाणी काँक्रीटची पेट्रोग्राफी, म्हणजे मायक्रोस्कोपखालची ही तपासणी, होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. खडी कुठल्या जातीची एवढाच प्रश्न असेल तर असा जवळचा विभाग उत्तर देऊ शकेल. पेस्ट वाचायला मात्र काँक्रीट बघून सरावलेलाच डोळा लागतो. पद्धत एएसटीएम सी८५६ या अमेरिकी मानकाप्रमाणे हवी, असं पत्रात लिहा. आणि प्रश्नही लिहा: छज्ज्यावरच्या भेगा कुठून सुरू झाल्या आणि त्यांत जेल आहे का, कार्बोनेशन भेगांतून सळईपर्यंत गेलंय का, जास्तीचं पाणी मिक्सरमध्येच घातलं की नंतर. ‘काँक्रीटची गुणवत्ता तपासावी’ एवढंच लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम येईल. ताकद, क्लोराइड किंवा इमारतीचं उरलेलं आयुष्य त्यांच्याकडे मागू नका. ताकदीचा आकडा तुमच्याकडे आहे, क्लोराइडला रासायनिक चाचणी लागते, आणि हाताच्या तळव्याएवढ्या दोन-चार कापांवरून अख्ख्या इमारतीचं भविष्य सांगू पाहणाऱ्या अहवालाचा मला राग येतो.

अहवाल इंग्रजीत येईल, सरकारी कचेरीत कागद कन्नडमधून जाईल, आणि समितीतले पालक मराठीत विचारतील. म्हणून निष्कर्षाचं एक पान तुम्ही स्वतः मराठीत करा: कुठल्या नमुन्यात काय दिसलं, त्याचा अर्थ काय, कुठे खात्री आहे आणि कुठे अंदाज. फोटोखाली बाण काढून भेग आणि दगड दाखवा. ज्यांची मुलं त्या व्हरांड्यातून ये-जा करतात त्यांना हे समजून घ्यायचा हक्क आहे, आणि त्यांना ते समजतंही.

अहवालाची वाट बघत मात्र बसू नका. व्हरांड्याला आजच टेकू लावा, मुलांची ये-जा पुढच्या बाजूने करा, सैल झालेलं काँक्रीट ठोकून पाडून घ्या आणि पडलेले तुकडे वर सांगितल्याप्रमाणे जपा. या आठवड्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि कव्हर मीटरच्या नोंदी करा. त्या नोंदींत बीमचं कोडं सुटलं तर पातळ काप फक्त छज्ज्याचे करायचे, खर्च निम्म्यावर येईल. नोंदी आणि फोटो पाठवलेत तर कोअरच्या जागा कुठे धरायच्या ते मी खुणा करून देईन.